ग्राफिक्स कार्ड निकामी झालं, हे कोण ठरवतं? (कार्ड कंपन्या आणि ओपन सोर्स ड्रायव्हर)

अभ्रक (धागाकर्ता)

गेल्या वर्षी माझा लिनक्सवरचा जुना डेस्कटॉप नेहमीच्या अपडेटनंतर उघडला तो थेट काळ्या पडद्यावर. वरच्या डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक आडवी रेघ, बाकी काही नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलवर गेलो, लॉग उघडला. नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) आला होता, डीकेएमएस या साधनानं त्याच्यासाठी ग्राफिक्सचं मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलला जोडायचा भाग) नव्यानं कंपाइल करायला घेतलं होतं आणि ते अर्ध्यातच पडलं होतं. कारण किरकोळ होतं. कर्नलमधल्या एका फंक्शनला एक पॅरामीटर वाढला होता आणि ड्रायव्हर अजून जुन्याच पद्धतीनं त्याला कॉल करत होता.

एवढं मला जमलं. ज्याचा सोर्स कंपनी देत नाही अशा बंदिस्त ड्रायव्हरचाही कर्नलला चिकटणारा पातळ थर सोर्सच्या रूपात मिळतो. त्यात एक ओळ बदलली आणि पडदा उजळला. काही महिन्यांनी पुन्हा तेच, दुसऱ्या फाइलमध्ये. तीही निस्तरली. गेल्या महिन्यात तिसरी खेप आली तेव्हा मात्र मॉड्यूल लिंक होतानाच अडलं. ड्रायव्हरला लागणारं एक फंक्शन आता फक्त जीपीएल या खुल्या परवान्याच्या मॉड्यूलांनाच खुलं आहे. तिथं मी हात टेकले.

कार्ड ठणठणीत आहे. पंखा फिरतो, मेमरीची चाचणी चार तास चालवली, एकही चूक निघाली नाही. कंपनीनं त्या पिढीसाठी ड्रायव्हर काढणं थांबवलं, एवढंच झालंय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्या नावावरच घसरेल आणि मला बोलायचं आहे ते राहून जाईल.

बोलायचं आहे ते असं. कार्ड घेताना आपण वेग बघतो, मेमरी बघतो, वीज किती खातं ते बघतो. ते किती वर्षं वापरता येणार हे ड्रायव्हर ठरवतो, आणि ड्रायव्हरचा सोर्स कुलपात असेल तर तो निर्णय कायमचा कंपनीच्या हातात राहतो. हे मला मनापासून खटकतं.

याची दुसरी बाजूही डोळ्यासमोर आहे. रेडियॉन ९७०० हे कार्ड २००२ सालचं, ते बनवणारी एटीआय कंपनी २००६ मध्ये एएमडीनं विकत घेतली. त्या पिढीचा आर३०० ड्रायव्हर अजून मेसा या उघड्या ग्राफिक्स प्रकल्पामध्ये आहे, आणि कार्ड येऊन वीस वर्षं उलटल्यावरही त्याच्या शेडर कंपाइलरमध्ये सुधारणा होत होत्या. हे काम कुणा कंपनीच्या वेळापत्रकात नव्हतं. ज्याला ते कार्ड वापरायचं होतं त्यानं केलं, कारण सोर्स समोर होता.

नवीन वाचकांसाठी थोडं. ड्रायव्हर म्हणजे एक फाइल नसते. एक भाग कर्नलमध्ये असतो: कार्डाची मेमरी वाटून देणं, कामं रांगेत लावणं, मॉनिटरला चित्र पाठवणं. दुसरा भाग कर्नलच्या बाहेर: गेम किंवा ब्राउझर ओपनजीएल, व्हल्कन या ग्राफिक्स इंटरफेसांचे कॉल करतो ते घ्यायचे आणि शेडर (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) त्या चिपच्या भाषेत कंपाइल करायचे. लिनक्सवर हे काम मुख्यतः मेसा करतं. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आज एएमडी, इंटेलपासून फोनच्या चिपांपर्यंत सगळ्यांना पुरा पडतो. तिसरा भाग फर्मवेअर, जो कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरवर चालतो. त्यामुळे कुणी "आमचा ड्रायव्हर ओपन सोर्स आहे" म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: यातला कोणता भाग?

अनुभव लिहा. मतभेद असतील तर जरूर लिहा.


शरयू

लेख आवडला, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे.

मी मॉडेल ट्रेनिंगचं काम करते. एनव्हिडियानं कूडा, म्हणजे कार्डावर गणितं चालवायची प्रणाली, २००७ मध्ये आणली. तेव्हापासून त्यावर लायब्ररी, डीबगर, प्रोफायलर असं सगळं रचत गेलं आहे. एएमडीचं तसंच रॉकएम २०१६ मध्ये आलं, ते जवळजवळ सगळं ओपन सोर्स आहे, तरीही अधिकृत यादीत घरगुती कार्डं बराच काळ मोजकीच होती. सोर्स उघडा असणं आणि माझं काम आज संध्याकाळी पूर्ण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं, ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो याचा तोटाही आहे. नवं कार्ड घेतलं आणि डिस्ट्रो (लिनक्सचं तयार वितरण) दोन वर्षं जुन्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) कर्नलवर असेल, तर त्या कर्नलला कार्ड ओळखूच येत नाही. नवा कर्नल, नवं मेसा, नवं फर्मवेअर, तिन्ही जुळवून आणावी लागतात. बंदिस्त ड्रायव्हरचं एकच पॅकेज जुन्या कर्नलवरही चालतं. हा फायदा ज्यांना दहा यंत्रं सांभाळायची असतात त्यांना विचारा.

तुमच्या जुन्या कार्डाचं वाईट वाटलंच. पण सगळ्यांनी दहा वर्षांचा विचार करून कार्ड घ्यावं ही अपेक्षा मला पटत नाही.


अभ्रक

शरयू, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. नव्या कार्डाच्या पहिल्या काही महिन्यांत जुनी डिस्ट्रो घेऊन बसणाऱ्याचे हाल होतात, मीही ते भोगलेत.

पहिल्याबद्दल एवढंच म्हणेन की कूडामध्ये मेहनत आहे, ती नाकारत नाही. माझा मुद्दा त्या मेहनतीनंतरचा आहे. तुमचं कार्ड ज्या दिवशी यादीतून वगळलं जाईल, त्या दिवशी तुमच्यापाशी काय उरेल?


उत्खनक

वाखूसा (वाचनखूण साठवली). या विषयात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कर्नलच्या आतल्या इंटरफेसना स्थैर्याची हमी नाही, आणि हे जाणूनबुजून आहे. कर्नलचे एक मुख्य डेव्हलपर ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्याची कारणं कर्नलच्या दस्तऐवजांतच लिहून ठेवली आहेत. बाहेरून बघणाऱ्याला हा हट्टीपणा वाटतो. पण त्याच्या जोडीला एक नियम आहे, तो लक्षात घेतला की चित्र पालटतं: कर्नलमधलं फंक्शन ज्यानं बदललं, त्यानंच ते फंक्शन वापरणारे कर्नलच्या झाडातले (मुख्य सोर्स-संग्रहातले) सगळे ड्रायव्हर दुरुस्त करून द्यायचे. अभ्रक यांच्या लॉगमध्ये जो पॅरामीटर वाढला होता, तो ज्यानं वाढवला त्यानं त्याच पॅचमालिकेत (बदलांच्या संचात) झाडातला प्रत्येक ड्रायव्हर सुधारला असणार. ज्यांची कार्डं त्यानं आयुष्यात पाहिलेली नाहीत, त्यांचेसुद्धा. झाडाबाहेरचा ड्रायव्हर तेवढा राहिला, कारण तो त्याला दिसतच नव्हता.

म्हणून माझ्या दृष्टीनं "सोर्स उघडा आहे" यापेक्षा "कर्नलच्या झाडात आहे" ही मोठी गोष्ट. एएमडीनं हे अनुभवातून शिकून घेतलं. सप्टेंबर २००७ मध्ये त्यांनी चिपांची कागदपत्रं खुली करायचं जाहीर केलं आणि सुसेच्या लोकांबरोबर नव्या ड्रायव्हरचं काम सुरू झालं. त्याच काळात त्यांचा बंदिस्त ड्रायव्हर एफजीएलआरएक्सही चालू होता. ज्यांनी तो वापरला आहे त्यांना आठवत असेल, नवा एक्स सर्व्हर (पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोग्रॅम) आला की महिनोन्‌महिने वाट बघायची. २०१२ मध्ये त्यांनी एचडी २००० ते ४००० या मालिका बंदिस्त ड्रायव्हरच्या मुख्य शाखेतून काढल्या. तेव्हा त्या कार्डांची माणसं उघड्या रेडियॉन ड्रायव्हरवर आली आणि तिथंच सुखानं राहिली.

२०१५ मध्ये कर्नल ४.२ बरोबर एएमडीजीपीयू हा नवा ड्रायव्हर आला. मग घडला तो प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मॉनिटर हाताळणाऱ्या भागाचं सगळं नवं कोड एएमडीला एकदम आत घालायचं होतं. लाखाच्या घरात ओळी, आणि त्यात विंडोज व लिनक्स दोन्हीकडे तेच कोड चालावं म्हणून मध्ये घातलेला एक थर. डिसेंबर २०१६ मध्ये कर्नलच्या ग्राफिक्स विभागाचे मेंटेनर (देखभाल करणारे) डेव्ह एअरली यांनी स्पष्ट नकार दिला. कारण सरळ होतं. असा थर एकदा आत आला की पुढं त्या भागात बाहेरच्या कुणाला बदल करणं अशक्य होतं, आणि कंपनी उद्या निघून गेली तर ते ओझं मेंटेनरांच्या डोक्यावर येतं.

त्या दिवसांत खूप वादावादी झाली. अनेकांना वाटलं, एवढी मोठी कंपनी पुढं आली आहे आणि हे लोक तिला दारातून परत पाठवताहेत. एएमडीच्या इंजिनियरांनी मात्र बसून कोड नव्यानं रचलं, थर काढले, कर्नलची स्वतःची साधनं वापरली, आणि वर्षभरानं ते कर्नल ४.१५ मध्ये दाखल झालं. आज जे कुणी एएमडी कार्डावर काहीही न बसवता मॉनिटर जोडतात, त्यांच्या सोयीमागे तो नकार आहे. मेंटेनरांनी त्या वेळी मान डोलावली असती तर काय झालं असतं, याचा विचार केला की मला अजूनही धास्ती वाटते.


नवशिका

खूप शिकायला मिळतंय, धन्यवाद उत्खनककाका. दोन शंका आहेत, बाळबोध असतील तर माफ करा.

१. कंपन्यांना सोर्स लपवून मिळतं काय? पैसे तर कार्डाचे मिळतात ना?
२. एनव्हिडियानंही ड्रायव्हर ओपन सोर्स केला असं वाचलं होतं. मग आता भांडण कशाचं?


शरयू

पहिल्याचं उत्तर मी देते, कारण ही बाजू लोकांना नीट ठाऊक नसते. जुन्या ड्रायव्हरमध्ये दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेलं कोड मिसळलेलं असतं, ते स्वतःच्या मर्जीनं उघडं करता येत नाही. पेटंटची भीती असते, उघड्या कोडमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या वकिलांना शोधायला सोपं. एकच चिप घरगुती कार्डात आणि व्यावसायिक कार्डात वापरतात आणि काही सोयी फक्त महागड्या कार्डाला देतात, ती भिंत बऱ्याचदा ड्रायव्हरमध्येच असते. शिवाय चित्रपटांच्या कॉपी-संरक्षणाचे करार. आणि एखाद्या गेमचे शेडर ड्रायव्हरमध्ये परस्पर बदलून तो गेम वेगवान करणं, ही तर स्पर्धेतली हुकमी गोष्ट. यातलं सगळं मला पटतं असं नाही, पण कारणं खरी आहेत.


अभ्रक

नवशिका, दुसरी शंका अजिबात बाळबोध नाही. अर्ध्या चर्चा तिथंच गोंधळतात.

एनव्हिडियाच्या कार्डांसाठी नूवो नावाचा ड्रायव्हर बाहेरच्या लोकांनी कागदपत्रांशिवाय, बंदिस्त ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो ते टिपून टिपून लिहिला. २०१० मध्ये २.६.३३ या कर्नलमध्ये तो आला. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी जाहीर कार्यक्रमात एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिली आहे. खरा घाव त्यानंतर, २०१४ मध्ये बसला. मॅक्सवेल या कार्डपिढीच्या दुसऱ्या फळीपासून, म्हणजे जीटीएक्स ९०० मालिकेपासून, कार्डानं फक्त कंपनीची डिजिटल सही असलेलंच फर्मवेअर स्वीकारायला सुरुवात केली.

याचा अर्थ समजून घ्या. कार्ड सुरू होतं तेव्हा त्याचं घड्याळ मंद असतं. वेग वाढवायचा तर वीज आणि पंखा सांभाळणाऱ्या आतल्या प्रोसेसरला तसं सांगावं लागतं, आणि ते सांगणारं सहीचं फर्मवेअर नूवोला मिळालं नाही. चित्र दिसतं, खिडक्या हलतात, पण कार्ड कायम पहिल्या गिअरमध्ये. नूवोवाल्यांची मेहनत कमी पडली असं कुणी म्हणू नये. ते दाराशी पोचले होते, दाराला कुलूप होतं.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियानं आपल्या ड्रायव्हरच्या ५१५ या आवृत्तीबरोबर कर्नलमधला भाग जीपीएल आणि एमआयटी अशा दुहेरी परवान्यानं उघडा केला. ट्युरिंग, म्हणजे २०१८ पासूनच्या कार्डांसाठी. त्या पिढीपासून कार्डात जीएसपी नावाचा वेगळा प्रोसेसर आहे आणि पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेलं बरंच काम त्याच्या फर्मवेअरमध्ये गेलं. ओपनजीएल, व्हल्कन, कूडा हे वरचे भाग बंदच राहिले. तरी हे पाऊल मोठं होतं, ते मान्य करायलाच हवं. २०२४ मध्ये ५६० पासून हे उघडं मॉड्यूलच त्यांनी पहिली पसंती केलं, आणि नंतरच्या ब्लॅकवेल पिढीची कार्डं तर फक्त त्यावरच चालतात.

त्या जीएसपीमुळे नूवोलाही अखेर वेग वाढवता आला. फेथ एक्स्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर जाहीर केला, तो मेसामध्ये आला. कर्नलच्या बाजूनं रेड हॅटच्या लोकांनी २०२४ मध्ये रस्ट भाषेत नोव्हा नावाचा नवा ड्रायव्हर हाती घेतला, त्याचा पाया कर्नल ६.१५ मध्ये पडला आहे.

आता मधल्यांचं बघा. दुसऱ्या फळीचं मॅक्सवेल, पास्कल, व्होल्टा या ट्युरिंगआधीच्या पिढ्या. यांच्यात जीएसपी नाही, म्हणून उघडं मॉड्यूल चालत नाही. सहीचं कुलूप आहे, म्हणून नूवो धावत नाही. आणि एनव्हिडियानं जाहीर केलंय की या पिढ्यांना घेणारी बंदिस्त ड्रायव्हरची शेवटची शाखा ५८०. पास्कलमधलं जीटीएक्स १०८० टीआय आजही भरपूर गेम नीट चालवेल एवढ्या ताकदीचं आहे. कार्डात काही कमी नाही. त्यांच्यासाठी ते एक फर्मवेअर सही करून दिलं तरी लाखो कार्डांना आणखी आयुष्य मिळेल. ही मागणी मी जिथं संधी मिळेल तिथं करत आलोय, इथंही करतो.


शरयू

हे मधल्या पिढीचं मला इतक्या नीट ठाऊक नव्हतं. पास्कलबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं.

पण मग एक प्रश्न. जीएसपीनं जर सगळं पोटात घेतलं असेल, तर उघडं नेमकं काय राहिलं? बंद सोर्स ड्रायव्हरमधून उचलला आणि फर्मवेअरमध्ये ठेवला, असंच ना?


उत्खनक

बऱ्याच अंशी हो. हे दुखणं एकट्या एनव्हिडियाचं नाही. एएमडी आणि इंटेल, दोघांचीही आजची कार्डं बंद फर्मवेअरशिवाय पुरती चालत नाहीत. लिनक्स-फर्मवेअर हा संग्रह त्यासाठीच आहे. एएमडीजीपीयूमध्ये पन्नास लाखांच्या वर ओळी आहेत, बहुतेक रजिस्टरांच्या हेडर फाइली, तरीही चिपच्या आत काही प्रोसेसर असे आहेत की त्यांचा एक शब्दही आपल्याला वाचता येत नाही.

फरक कुठं पडतो ते सांगतो. फर्मवेअर कार्डावर चालतं, कर्नलला लिंक होत नाही. कर्नल बदलला म्हणून ते मोडत नाही. कंपनीनं लक्ष काढलं तरी शेवटची फाइल घेऊन उघडा ड्रायव्हर पुढं चालत राहतो, फक्त ती फाइल वाटायला परवानगी हवी आणि ड्रायव्हर व फर्मवेअरमधली बोली वरचेवर बदलायला नको. जीएसपीच्या बाबतीत हे दुसरं अजून त्रासाचं आहे, आवृत्तीगणिक बोली बदलते.

आणि कधी कधी कार्ड कंपनीची इच्छा असूनही दार तिसराच बंद करतो. एचडीएमआय २.१ घ्या. त्याचं स्पेसिफिकेशन खासगी आहे. एएमडीनं उघड्या ड्रायव्हरमध्ये त्याचा आधार द्यायचं काम करून ते स्पेसिफिकेशन ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमकडे मंजुरी मागितली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कळलं की फोरमनं नकार दिला. म्हणजे ४के चित्र १२० हर्ट्झनं पूर्ण प्रतीचं हवं असेल तर तेच कार्ड, तोच टीव्ही, तीच केबल असून लिनक्सवर एएमडीच्या उघड्या ड्रायव्हरवर ते तेव्हा मिळत नव्हतं. इंटेलनं आर्क कार्डांवर वेगळा रस्ता काढला, आतून डिस्प्लेपोर्ट आणि कार्डावरच त्याचं एचडीएमआय करणारी चिप. मी तेव्हापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला डिस्प्लेपोर्ट असलेला मॉनिटर घ्यायला सांगतो.


मेघश्याम

डेस्कटॉप कार्डांवरच चर्चा चालली आहे म्हणून थोडं अवांतर, फोन आणि छोट्या बोर्डांकडे बघा. तिथं वर्षानुवर्षं पूर्ण अंधार होता. रॉब क्लार्क यांनी २०१२ च्या सुमारास क्वालकॉमच्या अड्रीनो या ग्राफिक्स चिपसाठी फ्रीड्रिनो ड्रायव्हर लिहायला घेतला, अलिसा रोझेनझ्वाइग यांनी आर्मच्या माली चिपसाठी पॅनफ्रॉस्ट. दोन्ही कामं आधी कंपनीच्या मदतीशिवाय, कार्डाचं बोलणं ऐकून. पुढं आर्म आणि क्वालकॉम दोघंही त्याच ड्रायव्हरांत हातभार लावू लागले. त्याच अलिसा आणि ॲपलच्या यंत्रांवर लिनक्स आणणाऱ्या असाही प्रकल्पातल्या इतरांनी ॲपलच्या एम१ चा ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिला. ॲपलनं एकही कागद दिलेला नसताना २०२३ मध्ये त्याला ओपनजीएल ईएस ३.१ चं अधिकृत प्रमाणपत्र मिळालं.

मला या लोकांबद्दल फार आदर आहे. पण हे कौतुक सांगताना दर वेळी वाटतं, की जी माहिती कंपनीच्या कपाटात तयार पडली होती ती पुन्हा शोधण्यात इतक्या हुशार माणसांची वर्षं जायला नको होती.


अभ्रक

+१ मेघश्याम. अगदी माझ्या मनातलं लिहिलंत.

शरयूंनी सुरुवातीला लिहिलं होतं की उघडा सोर्स म्हणजे चालेलच असं नाही. बरोबर. न चालल्यावर काय करता येतं, ते एकदा दाखवतो.

माझ्या लॅपटॉपचा ग्राफिक्स ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. एका नव्या कर्नलनंतर झोपेतून उठवला की पडद्याचा खालचा एक तृतीयांश भाग थरथरायचा. जुन्या कर्नलवर ठीक, नव्यावर बिघाड. दोन आवृत्त्यांच्या मध्ये साधारण चौदा हजार बदल असतात. गिट बायसेक्ट मधला बदल काढून देतं. तो कर्नल कंपाइल करायचा, बूट करायचा, झाकण बंद करायचं, उघडायचं. थरथरला तर "वाईट", नाही तर "चांगला". दर वेळी उरलेले निम्मे गळतात, म्हणून चौदा खेपांत एकावर बोट ठेवता येतं. मला दोन रात्री आणि एक रविवार लागला. दहाव्या खेपेला चुकून "चांगला"च्या जागी "वाईट" दिलं आणि चार खेपा पुन्हा कराव्या लागल्या.

सापडला तो बदल सात ओळींचा होता. पॅनेलला वीज देण्याचा क्रम आणि त्यातली थांबण्याची वेळ. बग नोंदवला, बायसेक्टचा निकाल आणि लॉग जोडला. दोन दिवसांनी ड्रायव्हरच्या एका मेंटेनरनं एक पॅच पाठवला आणि लावून बघायला सांगितलं. लावला, झाकण बंद केलं, उघडलं. पडदा शांत. काही आठवड्यांनी स्टेबल कर्नलमध्ये ती दुरुस्ती आली, खाली बग नोंदवणारा आणि तपासणारा म्हणून माझं नाव होतं. ती ओळ मी आजही कधीतरी उघडून बघतो.

बंदिस्त ड्रायव्हरच्या बाबतीत मी लॉगची झिप पाठवली होती. "नोंद घेतली आहे" असं उत्तर आलं. त्यानंतर काही कळलं नाही.


नवशिका

हे वाचून अंगावर काटा आला. मला प्रोग्रॅमिंग येत नाही, तरी बायसेक्ट जमेल का?


उत्खनक

जमेल. कोड वाचता यावं लागत नाही, कर्नल कंपाइल करण्याच्या चार आज्ञा आणि चिकाटी लागते. प्रत्येक निकाल वहीत लिहून ठेवा म्हणजे अभ्रकांच्या दहाव्या खेपेसारखं होणार नाही. आणि चालणारा जुना कर्नल बूट मेन्यूत कायम ठेवा.

जाता जाता, कार्ड घेण्याआधी काय बघावं असं दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय, इथंच लिहितो. त्या चिपचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये कोणत्या आवृत्तीपासून आहे ते बघा, आणि तुमच्या डिस्ट्रोचा कर्नल त्याहून जुना नाही ना हे ताडून घ्या. मेसाच्या नोंदींत त्या पिढीचं नाव शोधा. बग-नोंदी चाळा: बग असणारच, त्यांना उत्तरं मिळताहेत का ते महत्त्वाचं. कूडावाचून अडत असेल तर शरयू म्हणतात तसं एनव्हिडिया घ्या, पण ट्युरिंग किंवा त्यानंतरचं.


शरयू

शेवटच्या वाक्याशी सहमत :) आणि माझ्या पुढच्या यंत्रासाठी मीही आता ड्रायव्हरच्या आवृत्तीबरोबर तिची मुदत बघणार आहे. एवढा बदल या धाग्यानं माझ्यात नक्की केला.


नवशिका

जुना धागा वर आणतोय, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझ्याकडे कपाटात एक रेडियॉन एचडी ७८५० पडून होतं. २०१२ चं. ते बसवलं तेव्हा नेहमीची कामं होत होती, पण व्हल्कन लागतं ते काहीच उघडत नव्हतं. शोधल्यावर कळलं की ही कार्डं मूळ जुन्या रेडियॉन ड्रायव्हरवर चालतात आणि व्हल्कनसाठी एएमडीजीपीयू लागतो. बूट करताना पॅरामीटर देऊन तो चालू करता येतो, पण आपोआप होत नाही.

मग कर्नल ६.१९ ची बातमी वाचली. त्या पिढीच्या कार्डांना आता मुळातच एएमडीजीपीयू मिळतो. व्हॉल्व्ह या गेम कंपनीसाठी काम करणाऱ्या एका डेव्हलपरनं ते काम पूर्ण केलंय. जुन्या कार्डांवरचे ॲनालॉग मॉनिटर बंद पडू नयेत म्हणून नव्या डिस्प्ले कोडमध्ये, म्हणजे उत्खनककाकांनी सांगितलेल्या त्याच कोडमध्ये, व्हीजीएसाठीचा आधारही त्यानं घातला.

काल रात्री नवा कर्नल टाकला. कुठलाही पॅरामीटर दिला नाही. टर्मिनलमध्ये व्हल्कनइन्फो चालवलं तर नाव आलं: रॅडव्ही पिटकेर्न. रॅडव्ही हा मेसातला एएमडी कार्डांचा व्हल्कन ड्रायव्हर, पिटकेर्न हे माझ्या चिपचं नाव. व्हल्कन २०१६ मध्ये आलं, हे कार्ड त्याच्या चार वर्षं आधीचं. माझा मॉनिटरही जुनाच आहे, व्हीजीएचा, तोही लागला.

अभ्रकदादा, तुमचं ते कार्ड अजून ठेवलंय का?


अभ्रक

ठेवलंय. डब्यात घालून, वर मॉडेल आणि शेवटचा चाललेला कर्नल लिहून ठेवलाय.

नवशिका, तुझ्या कार्डाचा पूर्ण लॉग इथं टाकशील का? त्या पिढीचे अजून दोन-तीन जण हा धागा वाचताहेत, त्यांना ताडून बघता येईल.